माया

गोळीबार चौकातल्या माझ्या दुकानात
पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यातही
माणसं श्वास रोखून मापं देतात.
टेप कमरेला टेकला की पोट आत,
छाती वर, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.
मी दोन बोटं टेपच्या आत सरकवतो
आणि वहीत लिहितो: कंबर चौतीस.

धकाते मास्तरांची चौतीस
एकोणनव्वदपासून चौतीसच.
"पाहा निनावे, जवानीचं माप हाय अजून!"
हातपाय काड्या, गाल बसलेले,
मानेचं हाड कॉलरमधून डोकावणारं.
पण पट्टा दरवर्षी अर्धा बोट खाली उतरत होता
आणि पोट त्याच्यावरून
सज्जासारखं पुढे येत होतं.
मी आसन कमी करत गेलो.
माप घ्यायची जागा बदलली,
आकडा बदलला नाही.
गिऱ्हाईक खूश, शिंपी खूश,
समोरच्या टपरीवरून तर्री-पोहा दोघांना.

परवा समाजभवनात शिबिर होतं.
खोब्रागडे नावाची पोरगी, मेयोत शिकणारी,
हातात माझ्यासारखाच पिवळा टेप,
फक्त उलटा धरलेला. सेंटिमीटरची बाजू वर.
ती बाजू मी चाळीस वर्षांत वाचली नव्हती.
शर्ट वर करायला लावला,
शेवटची बरगडी चाचपली, खालचं हाड चाचपलं,
दोघांच्या मधोमध टेप फिरवला.
मी सवयीनं श्वास ओढला.

"काका, सोडा. पूर्ण सोडा."
"दोन बोटं तरी…"
"बोटं नाही घालायची."

शहाण्णव.
नव्वदच्या आत हवं, म्हणाली,
आणि उंचीच्या निम्म्याहून कमी.
उंची एकशे बासष्ट.
एवढा हिशेब मला कोणी शिकवायला नको.

चिमटीत येते ती चरबी वेगळी, ती म्हणाली,
ही आतली. आतड्यांना बिलगून, यकृतात शिरून.
काट्यावर वेगळी दिसत नाही, आरशात नाही,
सडपातळ माणसातही घर करते.
आणि नुसती पडून राहत नाही.
साखर बिघडवते, रक्तात तूप सोडते,
दाब चढवते, काळजाच्या नळ्यांशी वैर धरते.

दाब म्हणाली, आणि मला शिवण आठवली.
शिवणीच्या आत आम्ही
बोटभर कापड जास्तीचं दाबून ठेवतो.
बाहेरून दिसत नाही. पुढेमागे सैल करायला.
त्याला माया म्हणतात.
माया ठेव रे, बाप म्हणायचा, माणूस वाढतो.
हे तिला काही सांगितलं नाही.
मागे रांग होती.

रात्री जुन्या वह्या काढल्या.
पॅन्टच्या पानावर चौतीस, चौतीस, चौतीस.
पण शर्टाला पोटाचं माप वेगळं लागतं, नाहीतर बटणं ताणतात.
ते माझ्याच अक्षरात होतं, पेन्सिलनं,
पस्तीस. साडेछत्तीस. अडतीस.
शेवटचं, एकोणचाळीस आणि वर एक रेघ.
लिहिलं मी. मोठ्यानं वाचलं नाही कधी.

तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी बैलाला
झूल बांधता बांधता मास्तर कलंडले.
इतका वाळका माणूस, काऊन असं झालं बाप्पा,
सगळी गल्ली म्हणत होती. मीही म्हणालो.
नंतर पोरगा त्यांच्या पॅन्टी घेऊन आला,
कमरेत सैल करून द्या म्हणाला, अंगात येतील.
उसवून पाहिलं.
माया शिल्लक नव्हती.
कधीच सोडून दिलेली, मीच.

आज सकाळी एक नवरदेव आला, सूटसाठी,
अठ्ठावीस-एकोणतीसचा, भांडेवाडीकडचा.
मी टेप उलटा केला.
"श्वास सोड बेटा."
तो हसला. कूलरमधून वाळ्याचा ओला वास येत होता.
"सोडला ना काका," म्हणाला,
पोट आत धरून.